बरणीतलं पन्हं

चैत्रातल्या हळदीकुंकवाला यंदा मी पन्हं दिलं ते जॅम-कॉफीच्या रिकाम्या काचेच्या बरण्यांतून. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, ‘काय वो, ग्लास नव्हते का? माझ्याकडून न्यायचे होते ना!’

खरी गोम इथंच आहे, मैत्रिणींनो. कागदी ग्लास दिला तर रीत, स्वच्छ धुतलेली बरणी दिली तर गरिबी!

राज्यात २०१८ मध्ये आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ग्लासांवर बंदी आली. आपण कागदी ग्लासांकडे वळलो. पण त्यांनाही आतून सहसा प्लास्टिकचा पातळ थर असतोच. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना २०२० मध्ये आढळलं, की अशा कपात गरम पेय पंधरा मिनिटं राहिलं, तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पंगतीला पळसाच्या पत्रावळी असायच्या, तेव्हा कुणाचा मान कमी झाला?

विसळायचं कुणी, हा प्रश्न आहेच. ते काम घरातल्या पुरुषांनी, पोरांनीही वाटून घ्यावं.

काळजी मात्र घ्या. बरणीत उकळता चहा ओतू नका, तडकते. काठाखालच्या आट्यांतला मळ ब्रशने काढा. काठ टवकला की ती बरणी बाद. लोणच्याचा वास सोडा लावून, उन्हात ठेवून कमी होतो, आणि ऊन तर आपल्याकडे भरपूर!

काकूंनी पन्हं पुन्हा मागून घेतलं. जाताना विचारलं, ‘झाकणं ठेवली ना जपून?’