तिकिटावर न छापलेले ऊन

पुण्याजवळ गहुंजे येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत-न्यूझीलंड कसोटीच्या पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना पिण्याचे पाणी मिळेना आणि आयोजक संघटनेला माफी मागावी लागली. चर्चा झाली ती पाण्याची. ती तहान वाढवणाऱ्या जागेकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. ऑक्टोबरच्या उन्हात हजारो माणसे छत नसलेल्या गॅलरीत बसून होती.

अमेरिकेत उघड्या गॅलरीतील पायरीवजा बाकांना ‘ब्लीचर्स’ म्हणतात. उन्हाने फळ्यांचा रंग उडतो, त्यावरून हे नाव पडले. फळ्यांचे ठीक आहे, बसणाऱ्याचे काय? आपल्याकडे कितीतरी क्रीडासंकुलांत फळीसुद्धा नसते, नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या असतात. काँक्रीट सकाळपासून उष्णता साठवते आणि ऊन उतरल्यावरही ती सोडत राहते. म्हणजे डोक्यावर सूर्य, बुडाखाली तवा. धातूचा बाक तर लाकडाइतकाच तापलेला असला तरी जास्त चटका देतो, कारण त्यातली उष्णता त्वचेत भराभर शिरते. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते. त्यामुळे नातवाला सामना दाखवायला आलेल्या आजोबांना त्रास सुरू झाल्याचे उशिरा कळते.

पाठीचे गणित वेगळे. टेकायला काही नसले की माणूस नकळत पुढे झुकतो, कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर ताठ उभे असतानापेक्षा जास्त दाब येतो. कबड्डीच्या चाळीस मिनिटांत हे खपून जाते. कसोटीचा दिवस सहा तासांच्या खेळाचा असतो.

सुधारणा होऊ शकते, हे वानखेडेने दाखवले आहे. २०११ च्या विश्वचषकासाठी त्याची फेरउभारणी झाली तेव्हा आसनक्षमता सुमारे ४५ हजारांवरून ३३ हजारांपर्यंत खाली आली. जागा घटल्या, पण प्रेक्षकांना स्वतंत्र खुर्च्या आणि नवे छत मिळाले. हा सौदा महाग नव्हता.

गावोगावच्या स्पर्धांसाठी बांबू-वाशांवर उभ्या राहणाऱ्या तात्पुरत्या गॅलऱ्यांचा धोका मात्र पाठदुखीच्या पलीकडचा आहे. मार्च २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात फुटबॉल सामन्यावेळी अशी गॅलरी कोसळून सुमारे दोनशे जण जखमी झाले. गर्दी एका तालात उड्या मारू लागली की सांगाडा आडवा डोलू लागतो. नुसत्या वजनाचा हिशेब धरून बांधलेली गॅलरी तेव्हा दगा देते. अशा गॅलरीला तिरपे आधार आहेत का, हे परवानगी देण्यापूर्वी अभियंत्याने जागेवर जाऊन पाहिले पाहिजे. कागदावरची सही इथे उपयोगाची नाही.

मोठ्या मैदानांना सुरुवात तिकिटापासून करता येईल. त्यावर स्टँडचे नाव, रांग, आसन क्रमांक आणि किंमत असते. दुपारी दोन वाजता त्या आसनावर सावली असेल की ऊन, हेही छापायला एका ओळीचीच जागा लागते.