विश्लेषण : मोबाइल टॉवर कुठे आणि किती उंच, हे ठरवणार कोण?

वस्तीलगत मोबाइल टॉवरचे काम सुरू झाले की पहिली तक्रार जाते ती सरपंच किंवा नगरसेवकाकडे. ग्रामसभेत विरोधाचा ठराव होतो, पालिकेच्या सभागृहात प्रश्न विचारला जातो, आयुक्तांना निवेदन दिले जाते. त्याच वेळी शेजारच्या वाडीतून ‘रेंज मिळत नाही, टॉवर द्या’ अशी मागणी येत असते. पण ज्यांच्याकडे लोक दाद मागतात, त्या स्थानिक संस्थांच्या हातात आता फार थोडे अधिकार उरले आहेत.

अधिकार कोणाचा?

राज्यघटनेनुसार दूरसंचार हा केंद्राचा विषय, तर जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्याचे. टॉवर या दोन्हींच्या हद्दीवर उभा असतो. केंद्राने 2016 मध्ये त्यासाठी ‘राइट ऑफ वे’ नियम केले. 2022 च्या दुरुस्तीने खासगी इमारतीवरील टॉवरला स्थानिक प्रशासनाच्या परवानगीची गरज ठेवली नाही. इमारतीच्या मजबुतीच्या प्रमाणपत्रासह लेखी पूर्वसूचना पुरेशी ठरली. पुढे 2023 चा दूरसंचार कायदा आला आणि त्याखालचे नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले. सार्वजनिक जागेसाठीच्या अर्जावर 67 दिवसांत निर्णय झाला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. अर्ज नाकारायचा तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. आपत्तीसारखे प्रसंग वगळता, केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय टॉवर सील करणे किंवा बंद पाडणेही स्थानिक संस्थांना शक्य नाही.

कराचे काय?

टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये गुजरातमधील प्रकरणात दिला होता. 2023 च्या कायद्याने मात्र दूरसंचार जाळे हे ज्या मालमत्तेवर उभे आहे तिचा भाग नाही, मालमत्ता करासाठीही नाही, अशी तरतूद केली. म्हणजे रहिवाशांचा रोष पंचायत-पालिकेच्या वाट्याला, पण उत्पन्नाची वाट अरुंद.

किरणोत्सर्गाची भीती कितपत खरी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये रेडिओ लहरींना ‘कर्करोगास कारणीभूत असण्याची शक्यता’ या 2-बी गटात टाकले. या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, धोका सिद्ध झाला आहे असा नाही. भारताने सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी मर्यादा लागू केली. 900 मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला 0.45 वॅट ठरली. ही मर्यादा पाळली जाते का, हे तपासण्याचे काम दूरसंचार विभागाचे आहे, पालिकेचे नव्हे. त्यामुळे केवळ आरोग्याच्या मुद्द्यावर उभा राहिलेला स्थानिक विरोध बहुतेकदा टिकत नाही.

उंची कमी केली तर?

टॉवर बुटका ठेवा, ही मागणी वरवर रास्त वाटते. पण उंची घटली की एका टॉवरचा पल्ला घटतो आणि तेवढ्याच वस्तीसाठी जास्त टॉवर लागतात. अँटेनाही घरांच्या खिडक्यांजवळ येतात. शिवाय सिग्नल कमकुवत असेल तिथे हातातला मोबाइलच जास्त शक्तीने लहरी सोडतो. याउलट उंच सांगाडा दूरवर दिसतो, वाऱ्याचा भार जास्त झेलतो आणि कोसळला तर अधिक जागा व्यापतो. विमानतळाजवळ उंचीवर हवाई सुरक्षेची मर्यादा येते, ती वेगळीच.

अमेरिकेत काय होते?

हाच वाद तिथे 1996 च्या दूरसंचार कायद्याने एका चौकटीत बसवला. केंद्रीय मानके पाळली जात असतील तर लहरींच्या परिणामांचे कारण देऊन स्थानिक संस्था टॉवर रोखू शकत नाहीत. जागा आणि उंची यांवरचा त्यांचा अधिकार मात्र कायम राहिला. नकार लेखी आणि पुराव्याच्या आधारे असला पाहिजे, ही त्यातली एक अट. नंतर तिथेही निर्णयाला मुदत घालण्यात आली.

नागरिकांच्या हातात काय उरते?

भारतात खरा प्रश्न आहे तो जागा आणि सुरक्षेचा. तीस-चाळीस वर्षे जुनी गच्ची तेवढा भार पेलेल का? मजबुतीचे प्रमाणपत्र कोणी दिले? सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला का? जनरेटरचा आवाज आणि धूर कोणाच्या खिडकीत जातो? या प्रश्नांची कागदोपत्री उत्तरे मागता येतात. लहरींची मोजणी ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरून करून घेता येते. परवानगीचा वाद पेटला तर तो जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे जातो.

टॉवर सर्वांनाच हवा आहे, पण शेजारच्या गच्चीवर. त्या गच्चीची निवड करताना स्थानिक संस्थेने तिथल्या रहिवाशांचे म्हणणे ऐकायचे, तर ते 67 दिवस संपण्याआधीच ऐकावे लागेल. आणि गच्ची खासगी असेल, तर त्यासाठी तेवढेही दिवस नाहीत.