गळती कुणाची?

विद्यापीठाचे निकाल लागले की महाविद्यालयांच्या फलकांवर टक्केवारी झळकू लागते. मराठी विभागाचा निकाल ९० टक्के, इतिहासाचा ९५, एखाद्या विभागाचा तर पुरा १००. हे आकडे खोटे नसतात. मात्र ते नेमके कशाचे आहेत, हे फलकावर लिहिलेले नसते. समजा, पहिल्या वर्षाला ६० जणांनी प्रवेश घेतला. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला त्यांतले २० जण बसले आणि १८ उत्तीर्ण झाले. निकाल ९० टक्के लागला; पण आलेल्यांपैकी पदवीपर्यंत पोचले ३० टक्के. उरलेले ४० जण नापास झालेले नाहीत. ते कोणत्याच यादीत नाहीत. नापासांची निदान यादी लागते, एटीकेटीच्या वाऱ्या करणाऱ्यांचे अर्ज तरी येतात. या ४० जणांची नोंद फक्त पहिल्या वर्षाच्या हजेरीपटावर उरते, आणि तो पट वर्ष संपले की कपाटात जातो.

ही उणीव एखाद्या आळशी कार्यालयाची नाही, मोजण्याच्या आपल्या रीतीची आहे. देशपातळीवर आपण मोजतो तो सकल नोंदणी दर. २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार तो देशात २८.४ होता, महाराष्ट्रात ३५.३, आणि देशभरच्या अनुसूचित जमातींमध्ये २१.२. नव्या शैक्षणिक धोरणाने तो २०३५ पर्यंत ५० वर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हा आकडा आत आलेल्यांचा. दुसऱ्या टोकाला ‘नॅक’च्या २०१७ नंतरच्या नियमावलीत उत्तीर्णांचे प्रमाण धरले गेले ते अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांवर. ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत विहित मुदतीत उत्तीर्ण होणाऱ्यांची दखल आहे. पण तिथे छेद आहे मंजूर प्रवेशक्षमतेचा, त्यामुळे मुळात रिकामी राहिलेली जागा आणि मधेच उठून गेलेला विद्यार्थी यांच्यात फरक उरत नाही. उंबरठ्यावर एक पहारेकरी, परसदारी दुसरा. मधल्या घरात काय घडले, हे विचारणारा कुणी नाही.

अमेरिकेत १९९० साली झालेल्या एका कायद्याने महाविद्यालयांना आपल्या पदवीप्राप्तीचा दर जाहीर करणे भाग पाडले. एका वर्षी दाखल झालेला गट घ्यायचा आणि चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांपर्यंत त्याचा माग ठेवायचा, अशी ती रीत आहे. तीत दोष आहेतच. प्रथमच आणि पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यांचाच गट धरल्यामुळे दुसरीकडे जाऊन पदवी मिळवणारा विद्यार्थी पहिल्या संस्थेच्या लेखी अपयशी ठरतो. तरीही, ‘आमच्याकडे आलेल्यांचे पुढे काय झाले’ हा प्रश्न तिथे संस्थेला टाळता येत नाही. आपल्याकडे तो अजून रीतसर विचारलाच गेलेला नाही.

भाषेच्या अभ्यासकाने इथे एका शब्दापाशी थांबावे. इंग्रजीत ‘ड्रॉपआउट’ म्हटले की क्रिया विद्यार्थ्याच्या माथी येते. तो बाहेर पडला. मराठीत आपण ‘गळती’ म्हणतो. या शब्दाचे एक टोक पानगळीत आहे. पाने गळतात, मोहर गळतो. ऋतूच तसा, त्याला कोण काय करणार? शासकीय अहवालांतली ‘गळती’ बहुधा याच सुरात उच्चारली जाते. पण शब्दाचे दुसरे टोक घागरीत आणि छपरात आहे. घागर गळते तेव्हा कुणी पाण्याला दोष देत नाही आणि छप्पर गळू लागले की कौले चाळावी लागतात. आपल्या भाषेने कर्ता ठरवून ठेवला आहे: गळते ते भांडे. अहवाल लिहिताना मात्र आपण शब्दाचा सोयीचा अर्थ घेतो आणि दोष ऋतूवर ढकलून मोकळे होतो.

हे भांडे कुठे गळते, ते पाहायला गोंडवाना विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे काढून २०११ साली ते स्थापन झाले. महाराष्ट्रातल्या जुन्या विद्यापीठांच्या मानाने हे लहान विद्यापीठ. पण त्याचा गडचिरोली जिल्हा लहान नाही. सिरोंचा जिल्ह्याच्या मुख्यालयापासून २०० किलोमीटरहून अधिक दूर. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की तालुक्याचा संपर्क तुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे प्रवेश होऊन वर्ग स्थिरावण्याच्या काळातच, धानाची रोवणी असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची, एप्रिल-मेमध्ये तेंदूपाने तोडायची. वर्षाची रोख मिळकत अनेक घरांत याच दिवसांत होते आणि उन्हाळी परीक्षाही याच दिवसांत येतात. ज्या वेळापत्रकाने विद्यार्थ्याची परीक्षा घ्यायची, ते त्याच्या घरचे वेळापत्रक पाहून आखलेलेच नसते. तो परीक्षेला आला नाही की आपण ‘गैरहजर’ लिहितो. शब्द बरोबर, निदान चूक.

त्यात शिष्यवृत्तीची भर. अर्ज संगणकावर भरायचा, बँकखाते आधारशी जोडलेले हवे आणि कागदपत्रांत एक अक्षर चुकले तर अर्ज परत. पैसे अखेरीस येतातही. पण ज्या महिन्यात खानावळीचे बिल थकते त्या महिन्यात ते आले नाहीत, तर विद्यार्थी तोवर घरी गेलेला असतो. मुलींच्या बाबतीत वसतिगृहाची खोली, एसटीची शेवटची फेरी आणि घरात चाललेली लग्नाची बोलणी या तिन्हींचा हिशेब एकदमच होतो. यांतले कोणतेही कारण बुद्धीच्या कमतरतेचे नाही. पण कारणे कुणी लिहूनच ठेवली नाहीत, की ती सारी आपोआप बुद्धीच्या खात्यावर जमा होतात.

अमेरिकेत या विषयावर सर्वाधिक प्रभाव पडला तो व्हिन्सेंट टिंटो यांच्या मांडणीचा. त्यांचा १९७५चा लेख आणि १९८७चा ग्रंथ यांचा गाभा असा, की विद्यार्थी महाविद्यालयाच्या बौद्धिक आणि सामाजिक जीवनात मिसळला तर टिकतो, नाही मिसळला तर जातो. मांडणी उपयुक्त आहे; विद्यार्थ्याकडे बोट दाखवण्याऐवजी ती संस्थेशी असलेल्या त्याच्या नात्याकडे पाहते. पण मिसळायचे कुणी कुणात? विल्यम टिअर्नी यांनी १९९२ साली मूळनिवासी अमेरिकी विद्यार्थ्यांच्या अनुभवावरून नेमका हाच आक्षेप घेतला. या विद्यार्थ्यांना मिसळणे म्हणजे आपले मागे टाकून येणे असेल, तर अशा टिकण्याची किंमत फार मोठी होते. माडिया किंवा गोंडी बोलत वाढलेला मुलगा बी.ए.च्या मराठीच्या वर्गात बसतो तेव्हा हा प्रश्न आपल्याही वर्गात बसलेला असतो. ज्या मराठीला आपण सहज ‘मातृभाषा’ म्हणून शिकवतो, ती त्याची दुसरी किंवा तिसरी भाषा असते. पहिल्या सत्रात तो गप्प राहिला तर त्याचा अर्थ ‘कच्चा’ असा लावायचा, की ‘अजून भाषांतर करतो आहे’ असा?

आपल्या कादंबरीला हा विद्यार्थी अनोळखी नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३च्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला जातो आणि अपयश घेऊन गावी परततो. त्याच्या परतण्यावर आपण परात्मतेपासून देशीयतेपर्यंत किती लिहिले आहे! एम.ए.च्या वर्गात तो मराठी कादंबरीचा महत्त्वाचा नायक. महाविद्यालयाच्या दप्तरात मात्र एक रिकामा रकाना. यातून शिक्षण सोडणाऱ्याचे उदात्तीकरण करण्याचा मोह होऊ शकतो, तो टाळला पाहिजे. सांगवीकराला घरच्या शेतीचा आधार होता आणि आपली कहाणी सांगण्याची भाषा होती. ज्यांच्याकडे यांतले काहीच नाही, त्यांचे परतणे साहित्यातही येत नाही आणि आकडेवारीतही नाही. कादंबरीकडून घ्यायचा तो धडा एवढाच, की जाण्यालाही कथा असते आणि ती विचारल्यावाचून कळत नाही.

नव्या धोरणातली ‘बहुप्रवेश-बहुनिर्गमन’ ही सोय या प्रश्नाचे उत्तर म्हणून मांडली जाते. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. तीन वर्षांच्या आत परत येण्याची आणि एकूण सात वर्षांत शिक्षण पुरे करण्याची मुभा. केलेला अभ्यास वाया जाऊ नये, हा हेतू चांगलाच आहे. परंतु अटी पाहाव्यात. प्रमाणपत्रासाठी वर्षाची ४० ते ४४ श्रेयांके तर हवीतच, शिवाय कौशल्याधारित अभ्यासक्रम किंवा कार्यानुभवाची आणखी ४. ठरवून, वर्ष संपवून बाहेर पडणाऱ्यासाठी हे दार आहे. डिसेंबरात खानावळीचे पैसे संपल्यामुळे गेलेला मुलगा या दारापर्यंत पोचतच नाही. उद्या ‘निर्गमन’ हा शब्द ‘गळती’ची जागा घेईल आणि भांड्याचा दोषच भाषेतून नाहीसा होईल, अशी भीती मला वाटते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. तुकडीचा दर मागितला की दरच वाढेल, शिक्षण वाढणार नाही. अंतर्गत गुणांची खैरात होईल आणि सगळे ‘टिकतील’. दराला अनुदानाशी किंवा क्रमवारीशी जोडले तर हे नक्की घडेल. म्हणून तो स्पर्धेसाठी मोजू नये, कारणांसह मोजावा. प्रत्येक विभागाने दरवर्षी एक पान लिहावे: तीन वर्षांपूर्वी इतके आले, आज इतके आहेत, जे नाहीत ते कुठे आहेत. पहिल्या सत्राच्या परीक्षेला न आलेल्या प्रत्येकाला आठवड्याभरात फोन जावा. विद्यापीठाने परीक्षेच्या तारखा ठरवताना हंगाम विचारात घ्यावा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेने श्रम आणि शिक्षण यांची सांगड फार पूर्वी घालून दाखवली होती. ती केवळ परंपरेचा भूषणालंकार म्हणून मिरवण्यात अर्थ नाही.

लहान विद्यापीठाला हे जमण्यासारखे आहे. दोन जिल्ह्यांच्या विद्यापीठात विभागातले पन्नास विद्यार्थी नावानिशी, गावानिशी ठाऊक असू शकतात. आड येते ते संख्याबळ नव्हे, हितसंबंध. प्राध्यापकांचा कार्यभार आणि विभागातली पदे ठरतात ती प्रवेशाच्या संख्येवर. जुलैत नावे मिळवण्यासाठी गावोगाव फिरण्याची जी तळमळ असते, ती जानेवारीत उरत नाही, कारण जानेवारीत ती कुणी मागत नाही. मराठी विभागांच्या अस्तित्वाची चिंता आपण चर्चासत्रांतून नेहमी करतो. ती खरीही आहे. पण नव्या वर्गासाठी विद्यार्थी शोधत हिंडण्याआधी आलेला विद्यार्थी का उठून गेला, हे विचारणे अधिक न्यायाचे आहे, आणि विभागाच्याही अधिक हिताचे. पुढच्या वर्षी फलकावर टक्केवारी लिहिताना तिच्या शेजारी पहिल्या वर्षाच्या पटाची संख्या लिहावी. तेवढ्याने गळती थांबणार नाही. पण भांडे कुणाचे आहे, हे तरी सर्वांना दिसेल.