खिडक्या बदलताय? जरा थांबा!

मिनेसोटात जुनं घर घेतलं की पहिल्या हिवाळ्यात खिडकीपाशी बसून पाठ गारठते, आणि मग दारात कुणीतरी उभं राहतं. "सगळ्या खिडक्या बदला, गॅसचं बिल निम्मं होईल." निम्मंबिम्मं काही होत नाही हो! आमच्या धाकट्या भाऊजींकडे असंच एक कोटेशन पडलंय. १४ खिडक्या, सगळ्या तीन काचांच्या, आणि आज सही केली तर सूट. माझं म्हणणं, सही करू नका.

थोडं गणित करू या. खिडकी ३ बाय ५ फुटांची, बाहेर उणे २३ सेल्सियस, आत २१. जुन्या साध्या दोन काचांच्या खिडकीतून (यू-फॅक्टर ०.५) साधारण १७५ वॅट उष्णता बाहेर जाते. लो-ई थर आणि आर्गॉन असलेल्या नव्या दोन काचांतून (०.२८) शंभरेक, तर तीन काचांतून (०.२०) सत्तर. म्हणजे मोठी उडी पहिलीच. पुढच्या तीस वॅटसाठी घरभर जास्तीचे पैसे कशाला?

तरीही उत्तरेकडच्या झोपायच्या खोलीला मी तीन काचाच घेईन. बिलासाठी नव्हे. आतली काच उबदार राहते, शेजारी बसवतं, आणि पाणी सुटत नाही. आपल्या घरात रोज कुकर, भात, आमटी. ती सगळी वाफ गार काचेवर जाऊन बसते, जानेवारीत खालच्या कडेला चक्क बर्फ धरतो आणि लाकूड काळं पडतं. (एक्झॉस्ट फॅन लावा, हे वेगळं सांगायला नको.)

दक्षिणेचं उलट. तिथे हिवाळ्यातलं ऊन फुकट मिळतं, ते अडवणारी काच कशाला लावायची? एनएफआरसीच्या लेबलवर यू-फॅक्टरशेजारी एसएचजीसी असा आकडा असतो. तो जितका जास्त तितकं ऊन आत. दक्षिणेला ०.४ च्या आसपासचा मागा. विकणारा बहुधा सगळीकडे एकच काच देतो, कारण ते त्याला सोपं.

आणि या सगळ्याच्या आधी माळा बघा. गरम हवा वर चढून माळ्याच्या फटींतून निसटते, तेवढीच गार हवा खालून आत ओढली जाते, आणि आपण मात्र खिडकीला शिव्या घालतो. जुन्या लाकडी खिडक्या धड असतील तर बाहेरून चांगल्या स्टॉर्म विंडो बसवूनही बरंच भागतं.

कोटेशनमध्ये केंद्राची करसवलत वजा करून दाखवलीय म्हणे. खिडक्यांच्या किमतीच्या ३० टक्के, जास्तीत जास्त ६०० डॉलर, अशी ती सवलत होती. २०२५ च्या अखेरीस ती संपली. तेव्हा भाऊजी, तो आकडा आधी खोडा.

आई नोव्हेंबरात येतायत, त्यांची खोली उत्तरेची. त्या खोलीच्या दोन खिडक्या आत्ता करा, माळ्यातल्या फटी बुजवून घ्या, उरलेल्या बाराचं पुढच्या उन्हाळ्यात बघू. आणि चौकटीभोवतीची फट कशाने भरणार, हे बसवणाऱ्याला काम सुरू होण्याआधी विचारा.