हृदयाचे छिद्र आणि ऊसतोडीचे वेळापत्रक

दसऱ्याला बीड जिल्ह्यातील नारायणगडावरची गर्दी बातम्यांत दिसते. त्यानंतर काही आठवड्यांतच जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. अंगावरची लेकरेही बरोबर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हृदयाला जन्मतः छिद्र असलेल्या लेकरासाठी हे पाच-सहा महिने महागात पडू शकतात.

दर हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. त्यातले बरेच दोष आज छाती न उघडता बंद होतात. मांडीच्या शिरेतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत नेतात. तिच्यातून नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या तारेची विणलेली चकती पुढे सरकवतात. नळीत दाबून भरलेला हा धातू बाहेर येताच मूळ आकार घेतो. छिद्राच्या दोन्ही बाजूंना चकती उघडते आणि पडदा मध्ये पकडला जातो. इकोवर खात्री पटेपर्यंत ती परत ओढून घेता येते, मगच सोडतात. सहा महिन्यांत तिच्यावर शरीराचे अस्तर चढते. तंत्र नवखे नाही. जर्मनीत पोर्स्टमन यांनी १९६७ मध्ये हृदयाजवळची उघडी राहिलेली नलिका अशीच बिनटाक्याने बुजवली होती.

अर्थात प्रत्येक छिद्राला चकती चालत नाही. तिला धरायला भोवती पुरेशी कड लागते. छिद्र झडपेला चिकटून असेल, किंवा तान्ह्या बाळात खालच्या कप्प्यांमधले छिद्र फार मोठे असेल, तर शस्त्रक्रियाच बरी. ‘बिनटाक्याचे करा’ असा हट्ट पालकांनी धरू नये.

खरी अडचण वेळेची आहे. वरच्या कप्प्यांमधले छिद्र काही वर्षे सवड देते. खालच्या कप्प्यांमधले मोठे छिद्र तशी सवड देत नाही. फुप्फुसात जादा रक्त जात राहते, तिथल्या रक्तवाहिन्या जाड होतात, दाब कायमचा चढतो. शेवटी रक्ताचा प्रवाह उलटतो आणि मूल निळे पडू लागते. त्या टप्प्यावर छिद्र बंद करणेच घातक ठरते. पैसा, डॉक्टर, चकती सगळे हाताशी असून उपयोग नसतो.

त्यात एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जन्मल्या दिवशी बाळाच्या फुप्फुसांतला दाब जास्त असतो, त्यामुळे मोठ्या छिद्राचाही आवाज तेव्हा ऐकू येत नाही. तो पुढच्या काही आठवड्यांत उमटतो. म्हणून दीड महिन्याच्या लसीला आलेल्या बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लागलाच पाहिजे. दूध ओढताना कपाळाला घाम येणे, दमून थांबणे, पोट उडणे, वारंवार न्यूमोनिया होणे, वजन न वाढणे ही घरी दिसणारी लक्षणे. ‘बाळ अशक्तच आहे’ म्हणून ती सोडून दिली जातात.

२०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. दोष आढळल्यास उपचार मोफत आहेत. रचना चांगली आहे, पण ती मूल गावात आहे असे गृहीत धरते. अंगणवाडीची एक फेरी हंगामात आली की मूल फडात असते. इकोची तारीख मिळते तेव्हा आईबाप दोन जिल्हे पलीकडे असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्याने मधूनच परतणे त्यांना परवडत नाही. मूल आजीपाशी गावात राहिले, तरी संमतीच्या सहीसाठी आईबापच लागतात.

त्यामुळे बीडसारख्या जिल्ह्यात संशयित मुलांचे इको मे ते सप्टेंबरमध्येच उरकायला हवेत आणि तारखा हंगामापूर्वी ठरायला हव्यात. राहिलेल्या मुलांची यादी कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे गेली पाहिजे. कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर गेली हे मुकादमाला ठाऊक असतेच, ते आरोग्य खात्यालाही विचारता येईल. पालकांनी निघण्यापूर्वी इकोच्या अहवालाचा फोटो मोबाईलमध्ये घ्यावा, मूळ कागद बरोबर ठेवावा आणि बदललेला नंबर आशाताईंना कळवावा.