डोळे उघडणारे परके

आमच्या किनाऱ्यावर मोतीबिंदूचे ऑपरेशन नेहमी ‘पावसाळ्यानंतर’ असते. जून लागला की मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचा बंद होतात आणि घरच्यांना कारण मिळते. पावसाळा सरला की भातकापणी, मग लग्ने, मग रमजान. तोवर दादी भिंतीला हात लावून मोरीपर्यंत जाते. कुराण शरीफचे हरफ दिसेनासे झाले म्हणून पाठ असलेल्या सूरती म्हणते आणि कोणाला काही सांगत नाही. घरातल्या पुरुषांचे डोळे त्या मानाने लवकर दाखवले जातात, हेही आपल्याला ठाऊक आहे.

विचारले तर दादी म्हणते, “डोळ्यात सुरी घालून घ्यायची मला भीती वाटते.” ही भीती वेडेपणाची नाही. सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वीपर्यंत ती अगदी खरी होती. रुग्ण पूर्ण शुद्धीवर, चारजणांनी हातपाय धरलेले आणि उघड्या डोळ्यात हत्यार! गुंगी दिली तर शुद्धीवर येताना उलट्या होत आणि ताजी जखम उसवण्याचा धोका असे. ती भीती कोणी घालवली, याची हकीगत आज वाचकांपुढे ठेवतो.

१८८४ साली व्हिएन्ना शहरात कार्ल कोलर नावाचा एक तरुण डॉक्टर होता. कोकेनचे थेंब टाकले तर डोळ्याचा वरचा भाग बधिर होतो, हे त्याने आधी प्राण्यांवर आणि मग स्वतःच्या डोळ्यावर पाहिले. डोळ्याला टाचणी लावली, तरी काही जाणवले नाही. त्या सप्टेंबरात हायडेलबर्गला नेत्रवैद्यांची परिषद होती, पण तिथवर जायला कोलरकडे पैसे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्या डॉक्टरने वाचून दाखवला आणि काही आठवड्यांत ही रीत जगभर पसरली. कोलर मात्र यहुदी होता. एका सहकाऱ्याने त्यावरून त्याचा अपमान केला, प्रकरण तलवारीच्या द्वंद्वापर्यंत गेले आणि व्हिएन्नात त्याचे भवितव्य उरले नाही. १८८८ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि पुढचे सारे आयुष्य तिथल्या लोकांचे डोळे तपासत राहिला.

त्याच्या आधी वीस वर्षे, १८६८ मध्ये, हायडेलबर्गचे प्राध्यापक हर्मान क्नाप आपली खुर्ची सोडून न्यूयॉर्कला आले होते. आल्यावर वर्षभरातच त्यांनी डोळ्यांचा आणि कानांचा दवाखाना काढला आणि इंग्रजी व जर्मन अशा दोन भाषांत या शास्त्राचे नियतकालिक सुरू केले. स्वतःजवळची विद्या त्यांनी तिथल्या तरुणांना शिकवली. अमेरिकेतील नेत्रवैद्यकाच्या पायात अशा जर्मन बोलणाऱ्या परक्यांचे बरेच दगड आहेत.

१९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने यहुदी प्राध्यापकांना नोकरीवरून काढले, तेव्हा त्यांतल्या अनेकांना आसरा मिळाला तो तुर्कस्तानात. इस्तंबूलचे विद्यापीठ त्याच वर्षी नव्याने उभे राहत होते. नेत्रविभाग डॉ. योसेफ इगर्सहायमर यांच्याकडे आला. या प्राध्यापकांना एक अट होती : ठरावीक वर्षांत तुर्की शिकायची, त्याच भाषेत शिकवायचे आणि पाठ्यपुस्तके लिहायची. तोवर व्याख्यानाचा तर्जुमा करणारा मदतनीस शेजारी उभा राही. १९३९ मध्ये इगर्सहायमरही अमेरिकेला गेले, पण इस्तंबूलमध्ये शिकवून तयार केलेली माणसे मागे राहिली.

आपल्या महाराष्ट्रात असे कोण आले? कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि मोतीबिंदू काढून घ्यायला लांबलांबचे लोक तिथे येऊ लागले. वानलेस जर्मन नव्हते आणि त्यांना कोणी हाकलूनही दिले नव्हते. ते आपल्या धर्माच्या कामासाठी आले होते, हेही उघड आहे. पण त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा काढली आणि इथल्याच मुलांना डॉक्टर केले. १९२८ मध्ये ते निवृत्त होऊन परत गेले. रुग्णालय बंद पडले नाही, कारण काम जाणणारे हात इथेच तयार झाले होते.

या चौघांचा देश, मजहब आणि घर सोडण्याचे कारण वेगवेगळे आहे. एक गोष्ट मात्र सारखी दिसते. ज्या गावात परके म्हणून आले, त्या गावाला त्यांनी आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे दिले. ज्या गावांनी त्यांना जागा दिली ती गावे फायद्यात राहिली आणि ज्यांनी माणसे घालवली त्यांनी स्वतःचे नुकसान करून घेतले.

ही गोष्ट आपल्याला नवी वाटू नये. प्रकाश आणि नजर यांवर मोठा ग्रंथ लिहिणारे इब्न अल-हैसम मूळचे बसऱ्याचे, त्यांचे आयुष्य गेले काहिरात. त्याच काळात मोसुलचे अम्मार हे नेत्रवैद्यही मिसरला गेले. पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची रीत त्यांनी लिहून ठेवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या अरबी नेत्रवैद्यांची पुस्तके जर्मन भाषेत कोणी आणली? बर्लिनचे यहुदी नेत्रवैद्य युलियस हिर्शबर्ग यांनी. इल्म असे हातोहात फिरते. कोणा एका कौमची ती मिरास नसते.

आता पुन्हा आपल्या घराकडे पाहू. कोकेनची जागा आता अधिक सुरक्षित औषधांनी घेतली आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन बहुधा थेंब टाकून किंवा डोळ्याभोवतीचा भाग बधिर करून होते आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी येतात. सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन मोफत होते. त्यासाठी लाँचेची वाट पाहायला नको, आधी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात विचारावे. घरात कोणाला साखरेचा आजार असेल, तर दिसत असले तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, म्हणून चाळिशीनंतर डोळ्यातला दाबही मोजून घ्यावा.

दुसरी गोष्ट मुलांविषयी. आपल्या कोकणातली मुले पिढ्यान्‌पिढ्या समुद्रापार कमवायला जातात. ती ज्या गावी जातील तिथे खिदमत करण्याजोगी विद्या त्यांच्या हातात असावी. दहावी-बारावीनंतर काय, असे विचारणाऱ्या पालकांना आम्ही सांगतो की डोळे तपासण्याचे शास्त्र शिकवणारे अभ्यासक्रम आहेत आणि ते मुलींनाही तितकेच खुले आहेत. एखाद्या घरातली लेक हे शिकली, तर निदान त्या घरातल्या दादीला भिंतीला धरून चालावे लागणार नाही.

तोवर या महिन्यात एवढेच करा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला खिडकीपाशी बसवा, एकेक डोळा हाताने झाकायला सांगा आणि अंगणातले काय काय दिसते ते विचारा.