तांब्याच्या नाण्यावरचं चाळीस

नळदुर्गचा पाणीमहाल तुम्ही पाहिला असेल किंवा त्याच्याबद्दल ऐकलं तरी असेल. या किल्ल्यावर बहमनी, आदिलशाही, मोगल, निजाम अशी राज्यं येऊन गेली. राज्यं बदलली, पण बाजारात मीठ-मिरची घ्यायला लागायचं ते तांब्याचं नाणंच! सोनं राजाच्या खजिन्यात, तांबं गरिबाच्या कनवटीला.

आपल्याच जिल्ह्यातल्या तेरचं जुनं नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तगरचं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई, असं ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात लिहिलं आहे. तिथून माल रोमन मुलखात जाई.

पुढे त्या रोमन साम्राज्याचे दोन भाग झाले. पूर्वेकडच्या भागाला आपण बायझंटाइन म्हणतो. राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. तिथलं तांब्याचं नाणं होतं करंगळीच्या नखाएवढं! साधी खरेदी करायची तरी मूठभर नाणी मोजा. लोक पार कंटाळले असतील, नाही का?

सन ४९८ मध्ये अनास्तासियस या सम्राटाने युक्ती काढली. मोठी नाणी पाडली आणि त्यांवर किंमत ठसठशीत छापली. ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहीत. ‘म्यू’ म्हणजे ४०, ‘कप्पा’ म्हणजे २०, ‘आयोटा’ म्हणजे १०. एक ‘म्यू’ दिलं की चाळीस चिल्लर नाण्यांचं काम झालं!

सन ५३८ मध्ये जस्टिनियन सम्राटाने नाण्यावर आपल्या राज्याचं कितवं वर्ष तेही घातलं. तेव्हा हे नाणं वीस ग्रॅमहून जड होतं. ५४१ साली प्लेगची भयंकर साथ आली, लढायाही चालूच होत्या. नाणं हलकं होत गेलं. वर्ष वाचा, वजन करा. राज्याला वाईट दिवस कधी आले ते कळतं.

म्हणूनच सांगतो, शेतात जुनं नाणं सापडलं तर चिंच लावून घासू नका! चकाकी येईल, पण अक्षरं जातील. भंगारातही देऊ नका. कुठे सापडलं ते लिहून ठेवा आणि आईबाबांना घेऊन तहसील कचेरीत कळवा. जमिनीत सापडलेल्या ठेवीसाठी १८७८ पासून कायदाच आहे.

आता कोडं : एका ‘म्यू’चे सुटे हवेत, एक ‘कप्पा’ मिळालं. मग ‘आयोटा’ किती घ्याल?

(उत्तर : दोन.)